चर्चची घंटा : नाद आणि मौन

पवित्र सप्ताहातील गुरुवारी सायंकाळी कॅथलिक चर्चमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारी मिस्सा होते. तीत देवाच्या गौरवाचे स्तोत्र सुरू झाले की मनोऱ्यावरील व वेदीजवळील सर्व घंटा एकदम वाजू लागतात आणि स्तोत्र संपताच थांबतात. मग शुक्रवार जातो, शनिवारचा दिवस जातो. शनिवारी रात्री पुनरुत्थानाच्या जागरणात तेच स्तोत्र पुन्हा म्हटले जाईपर्यंत घंटेला कोणी हात लावीत नाही. मधल्या काळात लोकांना उपासनेसाठी बोलवायचेच झाले तर लाकडावर लाकूड आपटून, कोरडा खटखट आवाज करून बोलावण्याची जुनी रीत आहे. फ्रान्समध्ये लहान मुलांना सांगतात की, या दिवसांत घंटा रोमला गेलेल्या असतात आणि ईस्टरला त्या खाऊ घेऊन परततात.

चर्चच्या घंटेचा आध्यात्मिक अर्थ काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने तिच्या नादापासून नव्हे, तर या मौनापासून आरंभ करावा. घंटा हे केवळ वेळ सांगण्याचे साधन असते, तर शुक्रवारी ती बंद ठेवण्याचे काही कारण नव्हते. त्या दिवशीही दुपारचे तीन वाजतातच, आणि येशूने प्राण सोडला ती ही वेळ म्हणून त्या तीनला ख्रिस्ती माणसाच्या लेखी केवढा अर्थ आहे! घंटा नुसते मंगलवाद्य असती, तर शोकाच्या दिवशी ती बंद राहणे समजण्यासारखे होते. पण ख्रिस्ती समाजात मृत्यूचीही घंटा वाजते. म्हणजे शोकाला घंटा वर्ज्य नाही. मग या एकाच शोकाला ती का वर्ज्य असावी? मला जे उत्तर दिसते ते असे : घंटा ही हाक आहे, आणि ज्या दिवशी हाक मारणाराच वधस्तंभावर मरण पावला त्या दिवशी हाक यावी कोठून?

घंटानादाची सवय जन्मापासून कानाला असलेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन जाणवत नाही, आणि त्याला कारण आहे. देवळात गेल्यावर घंटा आपण वाजवतो. गाभाऱ्यापुढे उभे राहून, टाचा उंचावून, वेळप्रसंगी कडेवरच्या मुलाला वर उचलून आपण तिचा लोलक हलवतो आणि आपण आल्याची वर्दी देवाला देतो. घरच्या पूजेतही आरंभी घंटेची पूजा होते व ती वाजवताना देवांचे आगमन व्हावे, राक्षसांनी निघून जावे असा श्लोक म्हटला जातो. हाक भक्ताकडून देवाकडे जाते. चर्चच्या घंटेची दिशा नेमकी उलट आहे. तिला भाविकाचा हात लागत नाही. ती त्याच्या डोक्यावर, मनोऱ्यात, नजरेआड असते. तो घरात असतो, शेतात असतो, बाजारात घासाघीस करीत असतो, आणि ती वाजते. त्याने तिला वाजवलेले नसते. तिनेच त्याला बोलावलेले असते. दोन धर्मांतील घंटांमध्ये धातूचा फरक फारसा नाही. पण कोण कोणाला बोलावतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वेगवेगळे दिले आहे.

प्रारंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत मात्र घंटा नव्हतीच. रोमन सत्तेच्या छळामुळे लपूनछपून प्रार्थना करणारे लोक घंटा वाजवून आपला ठावठिकाणा थोडाच सांगणार! पुढे परंपरेने घंटेचे श्रेय इटलीतील कांपानिया प्रांतातील नोला येथील बिशप पॉलिनस याला दिले. लॅटिनमध्ये घंटेला ‘कांपाना’ म्हणतात म्हणून ही कथा रचली गेली असावी; तिला ऐतिहासिक आधार असा नाही. घंटा रुजली ती मठांतून. दिवसाचे आणि रात्रीचे ठरलेले प्रहर प्रार्थनेसाठी राखून ठेवणाऱ्या संन्याशांना इशारत हवी होती. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमात असा आदेश आहे की, प्रार्थनेची इशारत ऐकू येताच हातात असेल ते काम टाकून निघावे. त्याच्याही आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी, जॉन कॅसियन याने ईजिप्तमधील संन्याशांचे वर्णन केले आहे. तेथे घंटा नव्हती, दारावर थाप पडे. थाप ऐकू आली की पोथीची नक्कल करीत बसलेला संन्यासी लिहीत असलेले अक्षरसुद्धा पुरे न करता उठत असे.

ते अर्धे राहिलेले अक्षर मला फार बोलके वाटते. लेखणी हातात घेऊन पोट भरणारे आपण सारे, कारकून काय, शिक्षक काय, ओळ पुरी केल्याशिवाय उठत नाही. फळ्यावरचे वाक्य संपवू आणि मग वर्ग सोडू, असे म्हणणाऱ्या मास्तरांपुढे शाळेची घंटाही हतबल होते. पण त्या संन्याशाला शिकवले होते ते हे की, तुझे काम चांगले आहे, पवित्रही आहे, कारण तू पोथीच लिहीत आहेस. तरीही ते तुझे आहे, आणि हाक दुसऱ्याची आहे. घंटेच्या अध्यात्माचे सगळे बीज मला येथे दिसते. ती माणसाला त्याच्या वाईट कामातून उठवते यात विशेष काही नाही. ती त्याला चांगल्या कामातूनही उठवते.

मठातील ही शिस्त हळूहळू गावात उतरली. सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशी तीन वेळा वाजणारी आंजेलुसची घंटा हे तिचे लौकिक रूप होय. तीन-तीन टोले तीनदा, मधे थोडा विराम, आणि देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचे स्मरण. फ्रेंच चित्रकार मिले याचे या नावाचे चित्र छापील प्रतींतून जगभर पोहोचले आहे : बटाट्याच्या शेतात मान खाली घालून उभे असलेले एक स्त्री-पुरुष, जमिनीत रोवलेला काटा, आणि क्षितिजावर अगदी बारीक दिसणारा चर्चचा मनोरा. चित्राला आवाज नसतो. पण त्या दोन मानांवरून आपल्याला तो ऐकू येतो.

अशा हाकेला माणसांनी माणसासारखे वागवावे हे ओघानेच आले. नवी घंटा मनोऱ्यावर चढवण्यापूर्वी बिशपने तिला पवित्र पाण्याने धुवावे, तेलाने अभ्यंगावे, तिच्या पोकळीत धूप फिरवावा आणि तिला एखाद्या संताचे नाव द्यावे, असा विधी पश्चिमेकडील ख्रिस्ती जगात दीर्घकाळ चालत आला. लोक त्याला सरळ घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. हे शब्दशः होऊ नये म्हणून ७८९ साली सम्राट शार्लमेनने घंटांना बाप्तिस्मा देण्यास मनाई केली होती; पण लोकांच्या तोंडचा शब्द काही गेला नाही. रशियात तर याची कमाल झाली. १५९१ साली उग्लिच या गावी झार इव्हानचा धाकटा मुलगा दिमित्री संशयास्पद रीतीने मरण पावला. धोक्याची घंटा वाजली, गाव गोळा झाले आणि दंगल उसळली. पुढे गावकऱ्यांना शिक्षा झाल्याच, पण घंटेलाही झाली. तिला खाली उतरवून फटके मारले, तिची जीभ काढली, कान तोडला आणि तिला सैबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केले. ती १८९२ साली, तीनशे वर्षांनी, घरी परतली. या गोष्टीला हसावे असे प्रथम वाटते. पण ज्या सत्तेने घंटेची जीभ कापली तिला घंटा म्हणजे काय हे पुष्कळ विद्वानांपेक्षा चांगले कळले होते.

घंटेच्या नादाने वादळे आणि विजा पळतात हाही एक जुना समज. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील १४८६ सालच्या घंटेवर लॅटिन लेख आहे. जिवंतांना बोलावणे, मृतांसाठी शोक करणे आणि विजांना मोडणे ही तीन कामे ती आपली म्हणून सांगते. पहिली दोन तिने नेकीने केली. तिसऱ्यापायी मात्र उंच मनोऱ्यात ओला दोर धरून उभे राहिलेले कितीतरी घंटावादक विजेने मेले, आणि अखेर १७८६ साली पॅरिसच्या न्यायसभेला वादळात घंटा वाजवण्यावर बंदी घालावी लागली. श्रद्धेची गल्लत होते ती अशी : हाकेला माणसे हत्यार करू पाहतात.

आणि हे हत्यार ढगांपुरते राहिले नाही. १४५६ साली तुर्की फौजा बेलग्रेडवर चालून आल्या तेव्हा पोप तिसरा कॅलिक्स्टस याने युद्धात यश यावे म्हणून दुपारच्या घंटेचा व प्रार्थनेचा आदेश दिला. याहून आपल्या जवळचे आणि अधिक क्लेशदायक उदाहरण गोव्याचे आहे. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कैदेत पडला होता. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात त्याने शिक्षेच्या दिवसाचे वर्णन केले आहे. सूर्योदयापूर्वी कॅथीड्रलची मोठी घंटा वाजू लागली ती लोकांनी तो सोहळा पाहण्यास यावे म्हणून. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवर लिहिलेल्या ग्रंथात हा वृत्तांत समाविष्ट केला, त्यामुळे तो आपल्याकडील अभ्यासकांना परिचित आहे. जुन्या गोव्याच्या कॅथीड्रलमधील सोन्याची म्हणून ओळखली जाणारी घंटा आज पर्यटक कौतुकाने ऐकतात, आणि तिचा स्वर गोड आहे हे खरेच. पण कैदेतल्या माणसाने पहाटेच्या अंधारात कॅथीड्रलची घंटा ऐकली असेल, ती त्याला कोणत्या देवाची हाक वाटली असेल? घंटेच्या पावित्र्याविषयी लिहिणाऱ्याने या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

माझ्या मते उत्तर घंटेच्या दिशेतच आहे. जी हाक सर्वांना आहे ती दोर ओढणाऱ्यालाही आहे. तोही हाकेखाली आहे, तिच्या वर नाही. आपण बोलावणारे आहोत, बोलावले गेलेले नाही, असे ज्या क्षणी मनोऱ्याखालील सत्तेला वाटू लागते, त्या क्षणी घंटेचा दवंडीचा ढोल होतो. मग तिच्यावर किती तेल चोळले होते आणि कोणत्या संताचे नाव घातले होते याला काही अर्थ उरत नाही.

धातूची गोष्टही याच धर्तीची आहे. घंटेत साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील असते. जुन्या तोफांच्या ओतीव धातूतही हीच दोन द्रव्ये, कथील तेवढे कमी. त्यामुळे युरोपात युद्ध आले की मनोऱ्यांकडे सरकारची नजर वळे. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने जर्मनीतून व जिंकलेल्या मुलखांतून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या. त्यांतील सुमारे दीड लाख परतल्या नाहीत. इंग्लंडमध्ये १९४० च्या जूनपासून घंटा वेगळ्याच कारणाने मुक्या झाल्या : शत्रू किनाऱ्यावर उतरला तरच त्या वाजवायच्या होत्या. पुढे अल अलामेनच्या विजयानंतर, १९४२ च्या नोव्हेंबरात, त्या पुन्हा ऐकू आल्या. तो विजयाचा आनंद होता आणि तो त्या लोकांना साजेसाच होता. मला मात्र त्याच युद्धातील दुसरी घंटा अधिक आठवते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. उराकामीचे कॅथीड्रल स्फोटाच्या केंद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर होते. दोन मनोऱ्यांतील दोन घंटांपैकी एक फुटली. दुसरी राडारोड्याखाली जवळजवळ अभंग सापडली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री, जेथे मनोरा उरला नव्हता तेथे, वाचलेल्या लोकांनी ती टांगून वाजवली. स्फोटात पत्नी गमावलेले आणि स्वतः दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले डॉ. ताकाशी नागाई यांच्या १९४९ साली निघालेल्या पुस्तकाचे नावच ‘नागासाकीच्या घंटा’ असे आहे. कॅथीड्रल १९५९ साली पुन्हा उभे राहिले, पण दुसऱ्या मनोऱ्यात घंटा नव्हती. ती अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनी प्रथमच एकत्र वाजल्या. ज्या देशातून बॉम्ब आला त्याच देशातून घंटा आली. येथे जिंकल्याची दवंडी नाही; येथे बोलावणाराही मान खाली घालून उभा आहे.

आता थोडे आपल्या घराकडे वळतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि त्या निरनिराळ्या देवस्थानांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आणि १७०७ हे साल आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा आहे, भीमाशंकरला एक आहे. त्या विजयचिन्हे म्हणून आल्या यात संशय नाही, आणि वसईच्या मोहिमेत जे रक्त सांडले ते पाहता विजेत्यांना खूण हवीशी वाटली याचेही नवल नाही. मात्र त्यांनी त्या वितळवल्या नाहीत, मरियेची आकृती घासून काढली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. आज या घंटांना दोन दिशा आहेत. ओतल्या गेल्या त्या मनोऱ्यावरून माणसांना बोलावण्यासाठी. आता लोलकापर्यंत हात पोहोचलेला भाविक त्यांच्या नादाने शंकराला आपण आल्याचे सांगतो. वसईचा ख्रिस्ती समाज तेथेच राहिला, आपल्या चर्चमधून त्याच्या घंटा वाजत राहिल्या. मेणवलीच्या घंटेपुढे उभे राहणाऱ्या वसईकर ख्रिस्ती माणसाला काय वाटत असेल, हे त्याने सांगावे. आपण त्याच्या वतीने बोलू नये. माझ्यापुरते सांगायचे तर, त्या घंटेपुढे मला विजय आठवत नाही आणि पराभवही आठवत नाही. तिच्या काठावर बोट टेकवले की टोल्यानंतर बराच वेळ कंप जाणवतो, तेवढे आठवते.

आजच्या घंटेवरचे संकट तोफेचे नाही, ते सोयीचे आहे. बऱ्याच ठिकाणी दोराची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे, काही ठिकाणी तर घंटेची जागा ध्वनिमुद्रणाने आणि कर्ण्याने. ध्वनिवर्धकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात दिलेला निकाल सर्व धर्मीयांनी घराघरांत टांगून ठेवावा असा आहे : कर्णे लावून शेजाऱ्यांची शांतता भंग करूनच प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. हाक आणि गोंगाट यांतील भेद कायद्याला कळला. आपल्याला तो कळायचा आहे. याउलट फ्रान्समध्ये खेड्यात राहायला आलेले शहरी लोक चर्चच्या घंटेविरुद्ध आणि कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध तक्रारी करू लागले, तेव्हा २०२१ साली ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदा करावा लागला. दोन्ही गोष्टी मला पटतात, आणि त्यांत विसंगती दिसत नाही. घंटेचा टोला वाजतो आणि विरत जातो. दोन टोल्यांमध्ये ती शेजाऱ्याला त्याची शांतता परत करते. कर्णा ती परत करीत नाही.

ध्वनिमुद्रणाविषयी माझी तक्रार त्याहून निराळी आहे. पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद मिशनच्या चर्चचा उंच मनोरा आहे. १८९० साली तेथील मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसकट पुण्यातील बड्या मंडळींवर ग्रामण्य ओढवले होते, एवढीच त्याची ओळख बहुतेक मराठी वाचकांना असते. त्या मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे. इंग्रजी पद्धतीत अशा संचाची प्रत्येक घंटा वेगळ्या माणसाच्या दोरावर पुरी गोल फिरते आणि घंटांचा क्रम दर फेरीला बदलत जातो. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. त्यात गाण्याची चाल नसते, आणि एकट्या माणसाला ते वाजवताही येत नाही. आठ जणांना एकमेकांच्या हातांकडे पाहत, एकमेकांचा टोला ऐकत, आपला टोला थोडा मागे किंवा पुढे करावा लागतो. यंत्र हे काम बिनचूक करील. पण यंत्र स्वतः बोलावले गेलेले नसते. पहाटे उठून, थंडीत जिना चढून, दोर हाती घेणारा माणूस हा त्या घंटेचा पहिला श्रोता असतो. गावातील बाकीचे सारे त्याच्यानंतर. ज्या घंटेला पहिला श्रोताच नाही ती वेळ सांगू शकेल. तिला हाक म्हणायला मी कचरतो.

म्हणून, ज्या चर्चमध्ये अजून दोर आहे तेथील विश्वस्तांनी तो काढण्याची घाई करू नये. माणसे मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. मनोरे जुने झाले आहेत, दुरुस्तीचा खर्च डोईजड आहे, हेही खरे. रोजच्या टोल्यांसाठी मोटार लावावी लागली तर लावावी. पण निदान शनिवारची ती एक रात्र माणसाच्या हातासाठी राखून ठेवावी. त्या रात्री चर्चमधील दिवे मालवलेले असतात, बाहेर पेटवलेल्या नव्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती लावून आत आणतात, तिच्यावरून शेकडो लहान मेणबत्त्या लागतात, धर्मग्रंथातील दीर्घ वाचने होतात. मनोऱ्याखाली कोणीतरी दोर धरून उभा असतो. दोन दिवस त्याने त्याला हात लावलेला नसतो. आतून स्तोत्राचे पहिले शब्द कधी ऐकू येतात, याकडे त्याचा कान असतो.